बिनमिठाची माता

त्या ओट्यावरून मले तांडा दिसत कमी होता, ऐकू जास्त येत होता. समोर बांबूच्या तट्ट्या, वर टीनाचं छप्पर, बाजूले देवीचं देऊळ. पन आवाज काही तट्ट्यानं अडत नाही. पहाटे पहिले याडीच्या बलिया वाजत. आमच्या बोलीत मायले याडी म्हनते, अन् बलिया म्हंजे मनगटापासून वर कोपरापर्यंत भरलेल्या पांढऱ्या बांगड्या. याडी परातीत पीठ मळाले बसली का त्या एकमेकीवर आदळत, अन् भाकर थापाले लागली का त्यायचा आवाज बदले. मी अंधारात बसल्या बसल्या सांगू शकत होती, आता पीठ झालं, आता पहिली भाकर तव्यावर पडली, आता ती चुलीतल्या इस्तवावर उभी केली. मंग तट्टीच्या फटीतून वास ये. मंग पाट्यावर मिरची, लसून अन् मीठ रगडल्याचा आवाज ये, अन् तो मले सगळ्यात जड जाये. कारन मले मीठ बंद होतं. दूध, केळं, उकडलेलं रताळं, कधी गुळाचा खडा. देवीच्या मानसाले मीठ चालत नाही, असं भगतानं ठरवलं होतं. मी देवीचं मानूस होती. तांड्यातले म्हातारे बुढेसुद्धा माह्या पायावर डोकं ठेवत होते, अन् मी तवा पोट्टीच होती.

मी ओट्यावर कशी बसली ते सांगतो. माहं लग्न जुळलं होतं, पुसदकडच्या एका तांड्यातलं पोरगं होतं. आमच्यात रीत अशी का नवरी निंगाच्या आधी ढावलो म्हनते. ढावलो म्हंजे रडगानं. एकेका नातेवाइकाच्या गळ्यात हात टाकाचा अन् सूर लावून रडाचं. तुमचं आंगन सुटलं, तुमची गाय सुटली, मले कोनाच्या हवाली केलं, असं सगळं त्यात येते. ते आपोआप येत नाही, शिकावं लागते. लग्नाच्या आधी महिनाभर बुढ्या बाया नवऱ्या पोरीले घेऊन बसते, सूर कुठी उचलाचा, दम कुठी घ्याचा ते शिकवते. मी चांगली शिकली होती. माही जोडीदारीन सकरी, जी पुढे माही भोजाई झाली, ती म्हने का झमकी, तू इतकी झ्याक रडते का तुह्या लग्नात नवरदेव बी रडन. आम्ही लय हासलो होतो.

लग्नाच्या दिवशी सगळा तांडा जमला. मी उठली, याडीच्या गळ्यात हात टाकले, तोंड उघडलं, अन् आतून काही आलंच नाही. दुःख नव्हतं असं नाही. रडन असं कोनी आत सापडलंच नाही. भर दुपारी वावरात कधी कधी सगळं एकदम थांबते पाहा, वारा थांबते, पाखरं गप होते, तसं झालं. याडीच्या खांद्यावरून मले सगळे दिसून राह्यले होते, त्यायची तोंडं, डोक्शावरचे पदर, बैलाची शिंगं, अन् सगळं मले सारखंच जवळचं वाटे. भेव नव्हतं. झमकी नावाची पोरगी तिथं उभी हाय हे बी मले दुरूनच माहीत होतं. आता इतक्या वर्सानं बी मले त्याले नाव देता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकली, तिथं असल्या गोष्टीचे शब्द शिकवत नाही.

बाया थांबल्या. कोनीतरी मागून चिमटा घेतला, कोनी कानात पहिली ओळ सांगतली. मी गपच. तांड्यात कोनी अशी नवरी पाह्यली नव्हती. एक बुढी म्हने बेशरम हाय, सासरी जाले उतावळी झाली. हे नवरदेवाकडल्यायनं ऐकलं अन् त्यायच्यात कुजबुज सुरू झाली. इतक्यात भगत पुढे आला, माह्या डोयात पाह्यलं, माह्यासमोर राख टाकली अन् म्हने, हिले देवीनं मागतलं. झालं. देवीच्या बाईले हात लावाले कोन तयार होईन. वरात जशी आली तशी वापस गेली. माहा मोठा भाऊ थावरू तवा घराचा मालक होता, बापू आधीच गेले होते. लग्न पोरीकडून मोडलं असं झालं असतं तं पंचायतीत त्याची मान खाली गेली असती. देवीनं मागतलं म्हनल्यावर मान वर राह्यली. त्यानं तिथंच देवळापाशी ओटा बांधाचं कबूल केलं. मले कोनी काही इचारलं नाही, अन् मी बी काही बोलली नाही. तवा मले बोलाची गरजच वाटत नव्हती.

ते आतलं थांबनं थोडेच दिवस राह्यलं. मंग हळूहळू सगळं वापस आलं. पहिले भूक आली. मंग खाज आली, डास चावला तं राग आला. मंग सकरीची आठोन आली. मंग ते पुसदकडचं पोरगं आठवलं, त्याची जुळलेली भिवई आठवली, अन् त्याचं दुसऱ्या पोरीसंगं लग्न झालं हे ऐकलं त्या दिवशी मले ढसाढसा रडावं वाटलं. आता मले ढावलो म्हनता आला असता. पन आता मी माता होती, अन् माता रडत नाही. रडली असती तं लोकायनं त्याचा बी काही अर्थ लावला असता. मी एकदा शिंकली तं एका मानसानं बैलजोडी इकाचं रद्द केलं.

माता म्हनून राहाचं म्हंजे कसं, ते सांगतो. दिवस उगाच्या आधी याडी येऊन बाहेरची कडी काढे. कडी रात्री लावत, जनावर शिरू नाही म्हनून, असं थावरू म्हने. मातेचा पाय उघड्या जमिनीवर पडू द्याचा नाही, म्हनून याडी दोन पांढरे धडपे घेऊन ये. एक माह्यासमोर अंथरे, मी त्यावर पाय ठेवला का दुसरा पुढे अंथरे, मंग मागचा उचलून पुन्हा पुढे. असं करत करत ती मले झुडपापर्यंत नेई अन् वापस आने. मायनं लेकीच्या पायाखाली वाकून वाकून चालाचं. मी मनात म्हनो, याडी, उभी राह्य, माह्याकडे पाह्य. पन ती वर पाहेच ना. ओट्यावर बसवल्यापासून तिनं मले नावानं हाक मारली नव्हती. आंघोळ घाले ती बी देवाच्या मूर्तीले घालते तशी, डोये झाकून. मंग दिवसभर लोक. कोनाची म्हैस आटली, कोनाचा पोरगा शायेतून पळाला, कोनाले पोर होत नाही. मी नुसती बसो. मी गप राह्यली का ते आपल्याच मनानं उत्तर घेऊन जात. पुढे बाहेरगावचे लोक याले लागले, दूरदूरून सायकलीवर डबलसीट बसून येत. नारळ, खन, गूळ यायचा ढीग पडे. त्यातलं माह्यासाठी फक्त केळं.

आजकाल थावरूचा नातू, तो यवतमाळले लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाले हाय, मले मोबाईलवर प्रवचन लावून देते. त्यात एक सायेब बसते अन् जागृती काय, साक्षी काय, समजावून सांगते. चांगलं बोलते. नातू म्हने बुढी, ते मौनाचं शिबिर घेते, दहा दिवस कोनी बोलत नाही. मी म्हनलं मंग अकराव्या दिवशी घरी जाऊ देते का? तो म्हने हो. मी म्हनलं तं चांगलं हाय, जाय.

मी ओट्यावरून उतरली काहून नाही, असं सकरीची सून मले इचारते. कडी तं रात्रीच लावत होते, दिवसा काय होतं? तिले काय सांगाचं. दिवसा कडी लागतच नव्हती. समोर माहे पाय धरून बसलेले लोक होते. पाय धरलेल्या मानसाले उठता येत नाही. अन् दुसरं एक कारन होतं, ते मले आत्याबाईनं दाखवलं.

आत्याबाई दिग्रसची. जिनिंगच्या मागच्या गल्लीत भाच्यापाशी राहे, म्हनून सगळं गाव तिले आत्याबाईच म्हने. तिच्या ओसरीवर सांजीच्या मानसं बसत, हमाल बी, व्यापारी बी, अन् ती त्यायले एकच गोष्ट सांगे का मी मी म्हनते ते कोन हाय ते पाहा. ना माळ, ना भगवं. थावरू कापूस घेऊन दिग्रसले गेलता, तिथं त्यानं हे ऐकलं. त्याच्या मनात आलं का इतक्या जानत्या बाईनं बहिनीले पाहून चार लोकायत सांगतलं का ही जागी झालेली हाय, तं देवळाले मंडप होईन, तांड्याचं नाव होईन. तो तिले घेऊन आला. फाट्यावर यष्टीतून उतरवलं अन् तिथून रेंगीत, म्हंजे लहान बैलगाडीत, बसवून आनलं. मी आवाज ऐकून राह्यली होती. रेंगी थांबली, अन् एक जाड बाई धापा टाकत म्हने, "तुहे बैल का घोडे हाय रे बाबू, माह्या हाडाचा चुरा केला."

आत आली तं बुटकी, पांढऱ्या केसायची, नाकापाशी तपकिरीचा डाग. लोक पाया पडाची वाट पाहून राह्यले होते का आता कोन कोनाच्या पाया पडते. ती कोनाच्याच पडली नाही. तिनं सगळ्यायले बाहेर काढलं, थावरूले बी, याडीले बी. तट्टी लावून घेतली अन् सरळ माह्या बाजूले ओट्यावर येऊन बसली. त्या ओट्यावर माह्याशिवाय कोनी बसलं नव्हतं. मले तिच्या घामाचा वास आला अन् बरं वाटलं. तिनं मले काहीच इचारलं नाही. पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. ज्वारीची भाकर, त्यावर हिरवा ठेचा, बाजूले कांदा. तिनं गुडघ्यावर कांदा फोडला अन् खाले लागली. मी समोर पाहून बसली. पन ठेच्याचा वास नाकात गेला अन् माह्या तोंडात असं पानी सुटलं का ते गिळल्याचा आवाज झाला.

तिनं खाता खाता इचारलं, "हे पानी कोनाच्या तोंडाले सुटलं?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"देवीच्या?"

मले हासू आलं. लय दिवसाचं गप बसलेलं तोंड, हासू खोकल्यासारखं निंगालं. मंग मी बोलली. आवाज माहा मलेच ओळखू आला नाही.

"माह्या," मी म्हनलं.

"घे मंग," म्हने, अन् अर्धी भाकर माह्या हातात देल्ली. मी खाल्ली. मीठ जिभेले लागलं तं डोयातून पानी आलं. ती तोंड फिरवून बसली, मले खाऊ देल्लं. मंग मी तिले सगळं सांगतलं. ढावलोच्या वक्ती काय झालं, ते कसं गेलं, सगळं. कोनाले तरी पहिल्यांदाच सांगून राह्यली होती. मी इचारलं, ते खरं होतं का खोटं?

"खरं होतं," म्हने. "पन आलं अन् गेलं ना? जे येते-जाते त्याले धरून बसाचं नाही पोरी. आलं तवा पाहनारी तू होती, गेलं तवा बी पाहनारी तूच होती. आता भूक लागली तं ती पाहनारी बी तूच हाय. तिले धुंडाळ. ती काही ओट्यावर जास्त अन् चुलीपाशी कमी नसते."

मी इचारलं ते वापस येईन का.

"त्याची वाट पाहून बसली हाय का तू इथं?"

मी मान हलवली. ते मलेच माहीत नव्हतं, मान हलली तवा समजलं. मले वाटे का जिथून ते गेलं तिथंच ते वापस येईन, म्हनून जागा सोडाची नाही. लोकायले वाटे माता बसली हाय, अन् मी तिथं चुकलेल्या गाईची वाट पाहत बसली होती.

"मंग तुह्या भावानं फक्त बाहेरची कडी लावली," आत्याबाई म्हने. "आतली तुही हाय." तिनं फडकं झटकलं, पिशवीत टाकलं. मी तिचा पदर धरला. मले संगं घेऊन चला म्हनलं. तिनं पदर सोडवून घेतला. म्हने, "माह्यासंगं आली तं दिग्रसले ओटा बांधन लोक. तुलेच उतरा लागन."

बाहेर सगळे वाट पाहून होते. थावरूनं हात जोडून इचारलं, आत्याबाई, माही बहीन जागी झाली का? मी तट्टीतून ऐकून राह्यली होती. ती म्हने, "जागी बी हाय अन् उपाशी बी हाय. तिले भाकर द्या." इतकंच. अन् रेंगीत बसून गेली. मले वाटलं झालं, सुटली.

पन भगत होता ना. सांजीले त्यानं सगळ्यायले समजावून सांगतलं का जानत्या लोकायचं बोलनं सरळ नसते, मातेले भाकरीचा निवद पायजे असा त्याचा अर्थ हाय. दुसऱ्या दिवसापासून भाकरी याले लागल्या. घराघरातून, मंग गावोगावातून. ज्वारीच्या, बाजरीच्या, तूप लावलेल्या, कोनी संगं ठेचा आने, कोनी वांग्याची भाजी. माह्या पुढ्यात थप्प्या लावत, हळद-कुंकू वाहत, हात जोडत, अन् सांजीले सगळं उचलून परसाद म्हनून वाटून टाकत. मले केळं. एखादी भाकर उचलाले माहा हात पुढे गेला का लोकायले वाटे माता आशीर्वाद देऊन राह्यली, ते डोकंच पुढे करत. माहा हात भाकरीपर्यंत पोचेच ना, मधात डोकं ये. याडी बाजूले उभी राहून हे सगळं पाहे. एकदा ती अन् मी एकमेकीकडे पाहून राह्यलो होतो अन् मधात ती भाकरीची थप्पी होती. मले वाटलं आता बोलन. तिनं पदर डोक्शावर घेतला अन् नमस्कार केला.

कापूस फुटला तवाची गोष्ट. सकाळी बाया येचाले निंगाल्या, कंबरेले कापसाची ओटी बांधून हासत जात होत्या, त्यात सकरीचा आवाज होता. ती आता थावरूची बायको होती अन् पोटुशी होती. माह्या पुढ्यात एक बुढी डोकं टेकवून होती, तिच्या ताटलीत भाकर अन् ठेचा. ती डोकं उचलाच्या आधीच मी भाकर घेतली. तुकडा मोडला, ठेच्याले लावला अन् तोंडात टाकला. दुसरा टाकला. बुढी वर पाहून तशीच राह्यली. कोनीतरी बोंबललं का माता मीठ खाऊन राह्यली. भगत पळत आला, थावरू आला. मी पुरी भाकर खाल्ली. सावकाश खाल्ली, कारन मले माहीत होतं का पुढचं काम याच्याहून जड हाय.

मी पाय ओट्याखाली सोडले. याडी सवयीनं धडपा घेऊन धावली, अंथराले वाकली. मी म्हनलं, "याडी, राहू दे." तिचे हात तिथंच थांबले.

थावरू आडवा झाला. तो काही वाईट मानूस नव्हता, पन त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "खाली उतरली," म्हने, "तं घरात जागा नाही तुले. लोक मले फाडून खाईन."

"मी झमकी हाय, भिया," मी म्हनलं. "मले कापूस येचाचा हाय."

अन् पाय जमिनीवर टेकवला. ढेकळं टोचली. इतके दिवस चालली नव्हती तं मांड्या थरथर कापत होत्या. मले धराले कोनीच पुढे आलं नाही. कालपर्यंत शिवाले भेत होते देवी म्हनून, आता भेत होते देवी गेली म्हनून. मी तट्टी धरत, मंग कुंपन धरत वावरापर्यंत गेली. बायायनं आपापले तास, म्हंजे कापसाच्या ओळी, धरले होते. मी गेली तशा त्या सरकल्या, सकरी बी सरकली, तिच्या पोटात पोर होतं, तिचं बी खरं होतं. मी धुऱ्याजवळचा, वावराच्या काठचा तास घेतला. तिथं कापसाची पराटी खुजी अन् बोंडं बारकी. लुगड्याचीच ओटी केली. दुपारपर्यंत बोटं फुटली. दिवसभर माह्यासंगं कोनी बोललं नाही, मी बी बोलली नाही, पन हे गप राहनं अलग होतं. आत्याबाईनं सांगतलं तसं मी पाहून राह्यली होती, येचते कोन, दुखते कोनाले. काही उत्तर-बित्तर आलं नाही. कापूस तेवढा ओटीत पडत गेला.

पुढे माहं लग्न झालं नाही, कोन करन. पुढच्या वर्सी पानी कमी आलं ते बी माह्याच नावावर गेलं. थावरूनं मले घरात घेतलं ते लय उशिरा, अन् त्याच्या म्हातारपनात त्याले भाकर माह्याच हातची लागे. आत्याबाई मले पुन्हा भेटली नाही. ते ढावलोच्या दिवशीचं थांबनं बी पुन्हा तसं आलं नाही. मी त्याची वाट पाहनं सोडलं.

पन त्या पहिल्या दिवशीचं सांगाचं राह्यलं. सांजीले सगळ्या बायायनं आंगनात कापूस आनून टाकला. मी दारात उभी राह्यली. घरात जाची मनाई होती, म्हनून उंबऱ्याच्या बाहेरच ओटी सोडली. याडी कंदील घेऊन आली, माह्या कापसापाशी बसली, हात घालून पाह्यलं. चिमटीनं एक काडी काढली, दुसरी काढली, वाळली पत्ती काढली. मंग तिनं मान वर केली अन् सरळ माह्या डोयात पाह्यलं.

"झमकी," म्हने, "इतका कचरा? डोये फुटले का तुहे? उद्या असा आनला तं ओटीच फेकून देईन. बस इथं, साफ कर."

मी बसली. गोठ्यातल्या बैलाच्या बाजूले तिनं माहं बोचकं आधीच नेऊन ठेवलं होतं. मी एक एक काडी येचाले लागली, अन् याडी माह्यासमोर बसून मले शिव्या देत राह्यली.